गरोदर लेकीला रडू द्या

महोदय,

घरात कुणी गेलं की गरोदर बाईवर बंधनंच बंधनं येतात. प्रेत बघायचं नाही, दहाव्याला घाटावर जायचं नाही, मोठ्यानं रडायचं नाही. काही घरांत तर बाळंत होईपर्यंत बातमीच लपवतात. हे मायेपोटीच होतं, मान्य आहे. पण गेलेला तिचा बाप असतो!

माझे यजमान गेले तेव्हा धाकटी मुलगी सातव्या महिन्यात होती. नणंदा नको म्हणत असताना मी तिला बोलावून घेतलं. वडिलांच्या पायांशी खुर्ची टाकून ती त्यांचे तळवे चोळत बसली. हुंदका फुटला की कुणीतरी म्हणायचंच, "रडू नको गं, पोटातल्याकडे बघ." सकाळपासून तिनं काही खाल्लेलं नाही, हे मात्र शेजारच्या वहिनींच्याच लक्षात आलं. त्यांनी तिला घरी नेऊन मऊ भात खाऊ घातला. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनीही हेच सांगितलं: रडू आलं तर रड, जेवण, झोप आणि लोहाच्या गोळ्या चुकवू नकोस, बाळाची हालचाल कमी वाटली तर लगेच ये.

"आजोबाच पोटी येणार" हे सांत्वन तर थांबवाच. मुलगी झाली तर त्या आईनं काय समजायचं? आणि मुलगा झाला तरी त्यानं जन्मापासून आजोबांचं ओझं का वाहावं?

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन सगळं बघतात. त्याच वेळी "घरी सगळं ठीक आहे ना? झोप लागते का?" एवढं विचारायला किती वेळ लागतो? नैराश्य ओळखण्यासाठी 10 प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली 1987 पासून आहे. ती बाळंतिणींसाठी तयार झाली, पण गरोदरपणातही वापरतात. शिवाय मानसिक आधारासाठीच्या 'टेली-मानस' या सरकारी फोनसेवेच्या 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत बोलता येतं, मराठीतूनही. माझ्या मुलीला तो एका मैत्रिणीकडून कळला. आरोग्य विभागानं तो प्रत्येक तपासणीच्या खोलीत मोठ्या अक्षरांत लावावा आणि आशाताईंनी घरी आल्यावर सासूलाही सांगावा.

— एक वाचक, सातारा