मोडलेल्या मोटारीची आधी यादी करा, मग निर्णय

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

एखादी दुर्मीळ मोटार चेपली, जळाली किंवा पाण्यात बुडाली की दोन मते लगेच पुढे येतात. पैसा आणि कारागीर असतील तर ती पुन्हा नव्यासारखी करा, हे एक. तिला हात लावू नका, आहे तशी काचेमागे ठेवा, हे दुसरे. दोन्ही मते बहुधा गाडी न पाहता बनलेली असतात. मूळ गाडीतले नेमके काय शिल्लक आहे याची यादी हातात येईपर्यंत हा प्रश्न सुटत नाही, आणि प्रत्येक गाडीची यादी वेगळी निघते.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, बोलिंग ग्रीन येथील नॅशनल कॉर्व्हेट म्युझियममध्ये, म्हणजे शेव्हरोलेच्या फायबर बॉडीच्या स्पोर्ट्स कारच्या संग्रहालयात, हे स्पष्ट दिसले. १२ फेब्रुवारी २०१४ रोजी तिथल्या दालनाची जमीन खचली आणि आठ कॉर्व्हेट खड्ड्यात गेल्या. सुरुवातीला सगळ्याच दुरुस्त करण्याची भाषा होती. गाड्या वर काढून तपासल्यावर मात्र तीनच निवडल्या गेल्या: २००९ची निळी झेडआर१ ‘ब्लू डेव्हिल’, १९९२ची दहा लाखावी कॉर्व्हेट आणि १९६२ची काळी गाडी. बाकी पाच आहेत तशा ठेवल्या. हा निर्णय बरोबर होता असे माझे ठाम मत आहे.

ब्लू डेव्हिलचे कार्बन फायबरचे भाग तडकले होते, काचा गेल्या होत्या, मागचे कंट्रोल आर्म (चाक सांगाड्याला जोडणारे दांडे) वाकले होते. हे सगळे बोल्ट सोडवून बदलता येणारे भाग. सांगाडा शाबूत होता. वर आल्यावर ती स्वतःच्या इंजिनावर चाललीही. त्याचे अनुकरण मात्र कुणी करू नये. तिच्या ड्राय संपच्या (इंजिनाचे तेल वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या) तेलाच्या नळ्या तडकलेल्या होत्या, आणि तेलाचा दाब गेला तर इंजिनाची बेअरिंगे काही क्षणांत खलास होतात.

दहा लाखाव्या गाडीची गोष्ट निराळी. ती बांधताना कारखान्यातल्या कामगारांनी तिच्या भागांवर सह्या केल्या होत्या. म्हणून सुमारे १,२०० मनुष्यतासांच्या कामात नवा भाग लावणे सोपे असतानाही सहीचा जुना भाग वाचवण्यावर भर दिला गेला. जिथे तो वाचण्यासारखा नव्हताच, तिथे सहीची प्रतिमा घेऊन ती नव्या भागावर उतरवली गेली. याउलट खड्ड्यात शेवटी सापडलेली २००१ची मॅलेट हॅमर (मॅलेट कंपनीने फेरफार केलेली कॉर्व्हेट) दगडमातीखाली इतकी चिरडली होती की तिची दुरुस्ती म्हणजे जुन्या नंबरावर दुसरीच गाडी बांधणे झाले असते.

यादी करण्याचे काम किचकट आहे. कुठलाही भाग सोडवण्याआधी सर्व बाजूंनी आणि खालून फोटो, मग इंजिन, गिअरबॉक्स व चेसिसवरचे नंबर, मग मापे. चेसिसच्या ठरलेल्या बिंदूंमधली कर्णाची मापे कारखान्याच्या नकाशाशी ताडायची. फरक साधारण ३ मिलिमीटरच्या पुढे गेला की चाकांचे अलाइनमेंट बसणे अवघड. रेल (चेसिसची लांब तुळई) नुसती वाकली असेल तर थंड स्थितीत ओढून सरळ करता येते. तिला घडी पडली असेल तर तेवढा तुकडा बदलावाच लागतो. गरम करून सरळ केलेले उच्च ताकदीचे पोलाद कमकुवत होते आणि बाहेरून ते कळतही नाही. पत्र्याच्या गाडीवर कारखान्याचा रंग ढोबळमानाने १०० ते १५० मायक्रॉन जाड असतो. आकडा १,००० च्या पुढे गेला की खाली पुट्टी आहे असे समजावे. फायबरच्या बॉडीवर नेहमीचे चुंबकीय मापक चालत नाही, अल्ट्रासॉनिक लागते.

फायबरच्या दुरुस्तीत सर्वाधिक घोळ होतो. तडा वरून पुट्टीने बुजवून रंग मारला तर काही महिन्यांत तीच रेघ पुन्हा उमटते, कारण आतले तंतू तुटलेलेच असतात. तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडून तो थांबवायचा, दोन्ही बाजूंनी घासून जाडीच्या सुमारे बारा पट रुंद उतार काढायचा आणि मग काचतंतूंच्या मॅटचे थर रेझिनने चढवायचे. १९६२च्या गाडीला पॉलिएस्टर रेझिन चालते. १९९२च्या गाडीचे एसएमसी (साच्यात दाबून बनवलेल्या फायबरचे) पॅनेल मात्र ते नीट धरत नाही, तिथे इपॉक्सीच हवे. हे न पाहिल्यास जोड सुटून येतो.

आता ‘आहे तशी’ ठेवण्याबद्दल. हा स्वस्त पर्याय आहे, हा सर्वांत घातक गैरसमज. पेट्रोल, तेल, कूलंट काढावे लागते. ब्रेक ऑइल तर आधी काढावे: ते हवेतला ओलावा शोषून ब्रेकचे सिलिंडर आतून गंजवते आणि गळले तर रंग उचलते. बॅटरी बाहेर, आणि एअरबॅग असतील तर जाणकाराकडूनच निकामी करून घ्याव्यात. बंद पोकळ्यांतली माती ओल धरते, म्हणून ती ब्रश आणि व्हॅक्यूमने काढायची. प्रेशर वॉशर नको, पॉलिश तर नकोच. वजन टायरवर किंवा मोडक्या सस्पेन्शनवर ठेवले तर तडे वाढत जातात, तेव्हा चेसिसखाली स्टँड हवेत. उघड्या लोखंडावर मायक्रोक्रिस्टलाइन मेण बरे. टॅनिक ॲसिडने गंज थांबतो, पण काळानिळा होतो, म्हणजे जे दाखवायचे तेच बदलते. सुटणारे रंगाचे पापुद्रे पॅरालॉइड बी-७२ (ॲसिटोनमध्ये विरघळवलेले ॲक्रिलिक रेझिन) ने चिकटवतात. मात्र त्यातले ॲसिटोन जुना लॅकर रंग विरघळवते, म्हणून आधी आडोशाच्या जागी चाचणी घ्यावी. आर्द्रतेचा पेच कायमचा: लोखंडाला जितकी कोरडी हवा तितके चांगले, चामडे आणि लाकूड त्यातच तडकते. हे सगळे एकत्र असलेल्या गाडीला ४५ टक्क्यांच्या आसपास, चढउतार न होऊ देता, ही तडजोड स्वीकारावी लागते.

स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरील माज्जोरे सरोवरातून २००९ मध्ये वर काढलेली १९२५ची बुगाटी ब्रेशिया अशीच गंजलेली ठेवली गेली. २०१० मध्ये ती २,६०,५०० युरोंना विकली गेली आणि घेणाऱ्याने तिला दुरुस्त न करता कॅलिफोर्नियातल्या आपल्या संग्रहालयात मांडले. ते योग्यच झाले. तिचा पत्रा बदलला असता तर सरोवराने केलेले सारे पुसले गेले असते आणि हाती आली असती एक सामान्य प्रतिकृती.

याच्या दुसऱ्या टोकाला ऑगस्ट २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या लिलावात १८,७५,००० डॉलरना गेलेला फेरारी ५०० मोंडियाल या जुन्या रेसिंग कारचा जळका सांगाडा. तिथे किंमत मुख्यतः चेसिस क्रमांकाची आणि वंशावळीची होती. अशी गाडी पुन्हा बांधण्यात गैर काही नाही, पण नवे काय ते उघड सांगितले पाहिजे. जुन्या वाहनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फिवा’ची ट्युरिन सनद हेच सांगते: प्रत्येक कामाची नोंद ठेवा, मूळ नसलेल्या भागांवर कायमची खूण करा.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. जुन्या मोटारींच्या लिलावाच्या बातमीत किमतीच्या आकड्याशेजारी चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी यांपैकी मूळ किती आणि नवे किती, एवढी एक ओळ छापावी. लिलावाच्या माहितीपत्रकात ही माहिती बहुतेकदा असते. नसेल, तर ‘विक्रेत्याने सांगितले नाही’ असे छापावे.

आपला,
एक वाचक