हुतात्मा बागेचा आराखडा झाडांपासून सुरू व्हावा

महोदय,

जुन्या बागांच्या आराखड्यात सहसा कारंजी आणि रोषणाई आधी ठरते, झाडे मागाहून आठवतात. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यालगतच्या हुतात्मा बागेबाबत हा क्रम उलटा हवा. प्रथम प्रत्येक झाडाची नोंद व्हावी: जात, जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर खोडाचा घेर, पोकळी, कीड आणि अंदाजे वय. राज्याच्या शहरी वृक्षसंरक्षण कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांवरील झाडे वारसा वृक्ष ठरतात.

खरी हानी पेव्हर ब्लॉकने होते. पाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या दीड-दोन फुटांतच असतात. त्यांवर रोलर फिरला, काँक्रीट बसले की हवा-पाणी तुटते. झाड मात्र वाळते तीन-चार वर्षांनी, आणि दोष दुष्काळाला जातो. शिवाय आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचे पक्के रस्ते वरखाली होणारच. दाबलेल्या मुरमाची वाट पुरे. खोडाभोवती किमान दोन मीटर माती उघडी राहावी, केबलचा चर फांद्यांच्या घेराबाहेरून जावा.

किल्ला केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी आहे. ती रेषा नकाशावर आधीच आखावी.

हिरवळीला इथे रोज पाणी लागते. कडुनिंब, करंज, बहावा रुजल्यावर थोड्यात भागवतात, पण पहिले तीन उन्हाळे त्यांना पाणी द्यावेच लागते. तो खर्च निविदेतच धरावा.

– एक वाचक, सोलापूर