तुलाच विचारायचे आहे

पुणे, रविवार

प्रिय शुभा,

दिवाळीपासून तुझ्या एकाही निरोपाला मी धड उत्तर दिले नाही, याची बोच आहे. पण हे फोनवर सांगवत नव्हते आणि तुझ्याखेरीज कोणाला कळलेही नसते. आईचे गुडघे तसेच आहेत, ह्यांचा रक्तदाब आटोक्यात आहे.

मूल का राहत नाही हे पाहायला मागच्या महिन्यात टिळक रस्त्यावर माझी एचएसजी, म्हणजे गर्भनळ्यांची क्ष-किरण तपासणी, झाली. पाळीच्या आठव्या दिवशी गर्भाशयात क्ष-किरणांत दिसणारे औषध सोडतात आणि ते दोन्ही नळ्यांतून पोटात उतरते का, हे पडद्यावर पाहतात. उजव्या नळीत ते टोकापर्यंत जाऊन फुगवट्यात थांबले, डावीत शिरलेच नाही. डॉक्टरबाईंनी फोटो उजेडासमोर धरून विचारले, "कधी अपेंडिक्स फुटले होते का?"

नारायण पेठेतल्या खोलीतले पोटदुखीचे ते तीन दिवस तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक आहेत? बारावीची प्रात्यक्षिके बुडतील म्हणून मी तुला रेक्टरबाईंना सांगू दिले नाही, तू संतापून गरम पाण्याची पिशवी भिंतीवर फेकलीस आणि चौथ्या पहाटे तूच मला रिक्षात घातलेस. त्यानंतर वर्षभर आपण बोललो नाही. मी तुला शपथ घातली म्हणून तू चिडलीस, असे मी समजत होते. तू स्वतःवरच चिडली होतीस, हे मला फार उशिरा कळले.

ही नळी म्हणजे साधी वाट असेल, असे मी धरून चालले होते. ती जेमतेम दहा-बारा सेंटिमीटरची असते. तिच्या टोकाची झालर बीजकोशातून सुटलेले बीज टिपते, आतले केसांसारखे सूक्ष्म तंतू ते पुढे सरकवतात, आणि बीज फळते तेही नळीतच. पोटात पू पसरला की जखम भरताना आतले पदर एकमेकांना चिकटतात आणि झालर मिटून जाते. शस्त्रक्रियेने तोंड उघडता येते, पण तंतू नष्ट झाले असतील तर ते परत येत नाहीत, आणि मग गर्भ नळीतच रुजण्याचा धोका राहतो. "नळी मोकळी केली की झाले," असे सासूबाई मायेने म्हणतात. त्यांना हे कसे सांगावे, ते मला सुचत नाही.

डावीबद्दल आशा आहे, कारण तपासणीच्या कळेने गर्भाशयाचा कोपरा आवळला गेला तरी नळी बंद असल्यासारखी दिसते. म्हणून पुढच्या महिन्यात दुर्बिणीतून पाहणार आहेत, निळे औषध सोडून. बाई अपेंडिक्सवर एकदम ठपका ठेवत नाहीत. आपल्याकडे क्षयरोग खोकल्याशिवायही नळ्यांत घर करतो, म्हणून गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडाही तपासायला दिला आहे.

माझी झोप उडाली आहे ती एका सहीमुळे. उजव्या नळीत पाणी साठलेले निघाले आणि ती दुरुस्त होण्यासारखी नसली, तर त्याच वेळी काढून टाकण्याची संमती मला आधीच द्यायची आहे. ते पाणी गर्भाशयात उतरत राहिले तर आयव्हीएफने, म्हणजे शरीराबाहेर बीज फळवून, केलेला गर्भही नीट रुजत नाही, हे मला पटले आहे. १९७८ साली जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन जन्मली, तिच्या आईच्याही नळ्या बंदच होत्या. हा उपाय मुळात अशाच बायकांसाठी शोधला गेला, हेही मी रोज स्वतःला सांगते. तरीही कागद पाच दिवस देवघरात पडून आहे, कारण स्वतःच्या हट्टाने बिघडवलेली वस्तू पुन्हा स्वतःच्याच सहीने काढून द्यायची, हे मनाला झेपत नाही.

तुझी बदली झाली का? चिन्मयची दहावी कशी चालली आहे? त्याला इतक्यात गणिताच्या दोन शिकवण्या लावू नकोस.

आता मुख्य काम. तेव्हाची कागदपत्रे घरी कुठेच सापडत नाहीत. आई गावाहून पोचायची होती, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर बाहेर येऊन तुझ्याशीच बोलले होते. पू किती होता, कुठवर पसरला होता, उजव्या बाजूच्या नळीबद्दल ते काही म्हणाले होते का, हे बाईंना हवे आहे. आठवेल तेवढे लिही, अर्धवट आठवत असले तरी लिही. माझ्या हट्टाचा दोष मात्र लिहिताना पुन्हा स्वतःकडे घेऊ नकोस. तू मला त्या रिक्षात घातले नसतेस तर हे पत्र लिहायला मी नसते.

तुझी,
वसू