खापरावरची काजळी घासू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जोर्वे, नेवासे, दायमाबाद, इनामगाव ही महाराष्ट्रातल्या प्राचीन वस्त्यांची उत्खननस्थळे म्हटली की डोळ्यांपुढे येतात ती तांबूस, काळ्या नक्षीची भांडी: कंगोरेदार वाडगे, तोटीची भांडी, टिचकी मारली की खणखणणारी. संग्रहालयात मान त्यांनाच मिळतो. पण इ.स.पूर्व १४०० ते १००० या काळात घोड नदीकाठच्या इनामगावात अन्न शिजायचे ते जाड्याभरड्या मडक्यांत. ती मडकी बहुधा कोठारात पडून असतात. पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून, वर आलेली अशी खापरे छोट्या संग्रहांत, शाळांत पोहोचतात, तेव्हा पहिले काम होते ते घासून लख्ख करण्याचे. नुकसान होते ते इथेच.

काजळी कुठे बसली आहे हे आधी पाहावे. मडके थेट जाळात बसत असेल तर बुडाची काजळी जळून जाते, बूड लालसर उरते आणि काळा पट्टा पोटावर दिसतो. मडके जाळापासून उंच असेल तर बूडच काळे होते. म्हणजे चूल मोडून गेली तरी तिची रीत मडक्यावर उरते. आतली खरवड तर त्याहून मोलाची, आणि शिजलेल्या अन्नातली चरबी खापराच्या छिद्रांतही मुरलेली असते. एक-दोन ग्रॅम चुऱ्यावर तिची तपासणी होऊ शकते. त्यासाठी काही खापरे न धुता, उघड्या हाताने न हाताळता, अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून ठेवावीत. बोटांचे तेल आणि प्लास्टिकच्या पिशवीतली रसायने दोन्ही खापरात उतरतात.

बाकीची साध्या पाण्याने, मऊ ब्रशने धुवावीत. रंग सुटतो आहे असे वाटले तर लगेच थांबावे. चुन्याचा थर काढायला आम्ल मुळीच नको. ते खापरातली चुनखडीही खाते आणि मागे क्षार ठेवते. हे क्षार पावसाळ्यात विरघळतात, हवा कोरडी झाली की पृष्ठभागाखाली स्फटिक होतात आणि रंगाचा पापुद्रा उचलतात. जोडकामाला एपॉक्सी नको, कारण चुकलेला सांधा पुन्हा सोडवता येत नाही. अॅसिटोनमध्ये विरघळणारे पॅरालॉइड बी-७२ हे चिकटद्रव्य वापरावे. मडके उचलताना काठ किंवा तोटी धरू नये, दोन्ही हात बुडाखाली हवेत.

संग्रहालयांना एक विनंती. रंगीत तोटीच्या भांड्याशेजारी एक काजळलेले मडके मांडा आणि त्याखाली आरसा ठेवा, म्हणजे बूड दिसेल.

आपला,
पुरातत्त्वाचा एक अभ्यासक, पुणे