इबान्येसची सही कुठं गेली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या रविवार पुरवणीत स्पेनचा चित्रमालिकाकार फ्रान्सिस्को इबान्येस याच्यावरचा लेख वाचला. मराठी पेपरात हा माणूस आला याचाच इतका आनंद झाला की समोरचा चहा निवला. नावाचं 'इबानेझ' केलंत, तेही सोडून दिलं असतं. पण चित्र बघितलं. त्याची गाजलेली पात्रं, टकला मोर्तादेलो आणि डोक्यावर मोजून दोन केस असलेला फिलेमोन, झोकात छापलीत, फक्त खालचा कोपरा सहीसकट कापून. पानात जागा नव्हती म्हणावं, तर शेजारीच टू बीएचकेची जाहिरात ऐसपैस पसरली आहे.

लेखात एक वाक्य आहे : '१९८५ मध्ये त्यांनी प्रकाशनसंस्था बदलली.' बदलली! जणू घर बदललं. बँकेतली नोकरी सोडून हा माणूस बार्सिलोनाच्या ब्रुगेरा प्रकाशनाकडे आला आणि १९५८ पासून त्यांच्या 'पुल्गारसितो' साप्ताहिकात ही जोडगोळी काढू लागला. जर्मनीत ती 'क्लेवर उंड स्मार्ट' म्हणून घराघरांत गेली. हे सगळं तुम्ही दिलंत. पण ती जोडगोळी कागदोपत्री त्याची नव्हती, ब्रुगेराची होती, हे गाळलंत. तो बाहेर पडला तशी ती मागे राहिली आणि दुसऱ्यांच्या हातून निघत राहिली. नव्या ठिकाणी त्याला 'चिचा, तातो ई क्लोदोवेओ' अशी दुसरीच मंडळी जन्माला घालावी लागली. '१३, रू देल पेर्सेबे' ही त्याची इमारत आठवा : समोरची भिंत काढून टाकलेली, प्रत्येक खोलीत वेगळा गोंधळ, गच्चीवर पैसे मागायला येणाऱ्यांना चुकवणारा कर्जबाजारी. तीही मागे राहिली. मग '७, रेबोलिंग स्ट्रीट' नावाची दुसरी इमारत काढून स्वतःच स्वतःची नक्कल करायची पाळी आली. १९८७ साली स्पेनमध्ये बौद्धिक संपदेचा नवा कायदा आला, तेव्हा कुठं १९८८ मध्ये त्याला आपली पात्रं परत काढता आली. याला 'बदलली' म्हणतात होय?

मला हे इतकं का झोंबलं ते सांगतो. १९७६ ते ८४ मी मुलांच्या एका मासिकात दोन पानांची चित्रमालिका काढायचो. नाव छापत नाही, मासिकही आता नाही. माझा एक पोस्टमन होता. बुटका, मिशाळ, आणि पिशवी कायम उजव्या खांद्यावर, कारण डाव्या हातात त्याची सायकल असायची. पानाला चाळीस रुपये, तेही तीन खेपा घातल्यावर. पैसे वाढवून मागितले तर 'विचार करू' म्हणाले, म्हणून मी थांबलो. दोन महिन्यांनी दिवाळी अंक हातात पडला. पोस्टमन होताच! पिशवी डाव्या खांद्यावर, मिशी पेन्सिलीसारखी बारीक, आणि सायकल गायब. चाकं काढायचा कंटाळा आला असणार. अर्थात माझ्या जागी बसवलेल्या त्या पोराचा काय दोष, त्यालाही चाळीसच मिळत असतील.

निदान माझी मूळ चित्रं तरी द्या म्हणून ऑफिसात गेलो. संपादक अत्यंत गोड बोलले. 'मानधन घेतलंत ना? मग चित्र आमचं.' बाहेर पडताना शिपायाच्या टेबलावर माझं एक पान दिसलं. पाठीवर चहाचा हिशेब : कटिंग ६, बिस्किट २, बाकी सव्वा रुपया. उलटून बघितलं तर पोस्टमन पावसात छत्री धरून उभा, आणि छत्रीवर ग्लासाचं गोल वळं. ते मी मागितलं. शिपाई म्हणाला, 'साहेब, महिना संपल्यावर न्या, अजून हिशेब चालू आहे.' महिन्यानं गेलो तर टेबल पुसून लख्ख होतं.

तेव्हा संपादक महोदय, इबान्येसला 'स्पेनचा लाडका चित्रकार' म्हणून हार घालायला आम्हीही येऊ. २०२३ च्या जुलैत तो गेला तेव्हा वय ८७, आणि शेवटपर्यंत कागद-पेन्सिल सुटली नव्हती. पण कापलेला कोपरा तेवढा पुढच्या रविवारी छापा. जागा दोन बोटांची लागेल. त्याची सही गमतीची असते, मुलांना दाखवायला बरी.

जाता जाता : त्याच पुरवणीतल्या शब्दकोड्याची उत्तरं गेले दोन आठवडे भलत्याच कोड्याची येत आहेत. आडवा शब्द सात अक्षरी आणि उत्तर 'उंट'. हिला फोन करायला लावलं होतं, तर 'मेल करा' म्हणाले. आमच्याकडं मेल नाही, म्हणून तेही याच पाकिटात घातलंय.

आपला,
एक जुना वाचक आणि त्याहून जुना चित्रकार,
सांगली