वळण लागते ते रोजच्या वागण्यातून

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

‘वळण’ हा शब्द मराठीत अक्षरालाही लागतो आणि वागण्यालाही. अक्षराचे वळण व्याख्यान ऐकून सुधारत नाही, त्यासाठी रोज गिरवावे लागते, हे सर्वांनाच मान्य असते. वागण्याचे वळण मात्र थोरांच्या चार गोष्टी सांगितल्या की आपोआप लागेल, अशी आपली समजूत असते. ‘चारित्र्य’ या शब्दाच्या मुळाशी ‘चर्’ म्हणजे चालणे, वागणे हा धातू आहे. माणूस काय मानतो यापेक्षा तो रोज कसा वागतो, याकडेच हा शब्द बोट दाखवतो.

मी अनेक वर्षे अध्यापन केले. मुले म्हणत, ‘वही घरी राहिली’, ‘शाई सांडली’, ‘उशीर झाला’. या वाक्यांत घडलेली गोष्ट आहे, पण ती करणारा कुठेच नाही. ‘मी वही विसरलो’ असे म्हणण्याचा मी आग्रह धरत असे आणि मुले तेवढ्यापुरते तसे म्हणतही. पुढे एकदा लक्षात आले की मी स्वतः वर्गात ‘तुमच्या निबंधाच्या वह्या तपासायच्या राहिल्या’ असेच सांगत होतो. त्या वह्या आपणहून राहिल्या नव्हत्या. मी त्या तपासल्या नव्हत्या. त्यानंतर मी ‘मी वह्या तपासल्या नाहीत, परवा देईन’ असे स्पष्ट सांगू लागलो आणि सांगितलेला दिवस पाळू लागलो. काही महिन्यांत मुलांची भाषाही बदलली. त्याआधी मी केलेल्या उपदेशाने एवढे कधीच साधले नव्हते, हे मला प्रांजळपणे नमूद करावेसे वाटते.

सवय लागायला वेळ लागतो, हेही मान्य केले पाहिजे. एकवीस दिवसांत सवय जडते असे सर्रास सांगितले जाते, पण त्याला भक्कम आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांच्या साध्या सवयींचा १२ आठवडे अभ्यास केला आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरे झाले, तर कुणाच्या बाबतीत हा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा खंड पडत नव्हता. एकदा खोटे बोललेल्या किंवा एकदा कामात कुचराई केलेल्या मुलावर कायमचा शिक्का मारणाऱ्या पालकांनी आणि शिक्षकांनी हे अवश्य लक्षात घ्यावे.

अमेरिकेच्या संस्थापक नेत्यांपैकी एक असलेल्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी तरुणपणी १३ सद्गुणांची यादी करून वहीत रकाने आखले होते. दर आठवड्याला एका गुणाकडे विशेष लक्ष द्यायचे आणि चूक झाली की काळा ठिपका द्यायचा, असा त्यांचा क्रम होता. नीटनेटकेपणाने त्यांना सर्वांत जास्त सतावले, अशी कबुली त्यांनीच पुढे देऊन ठेवली आहे. ते ठिपके ते स्वतःच देत असत, दुसरे कुणी नव्हे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. मुलांच्या वागण्याचा हिशेब सतत मोठ्यांनीच ठेवला, तर कुणी पाहत नसताना तो ठेवायला ती शिकणार कशी?

मात्र चूक कबूल केली की विषय संपला, असेही होऊ नये. माझ्या वर्गातील एका मुलाकडून मित्राच्या वहीची पाने फाटली. त्याने ‘माझ्या हातून फाटली’ असे स्वतःहून सांगितले, तेव्हा मी त्याला शिक्षा केली नाही; आता काय करशील, एवढेच विचारले. पुढचे तीन दिवस मधल्या सुट्टीत बसून त्याने ती सगळी पाने सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवून दिली.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक