पावसाआधी टायर बदलूया

प्रिय आई, बाबा,

साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेले टायरचे फोटो मोठे करून पाहिले. नक्षी अजून बरीच शिल्लक आहे हे तुमचं म्हणणं खरंच आहे. सत्तावीस हजार किलोमीटरमध्ये टायर गोटा होत नाहीत. पण "आणखी एक पावसाळा सहज निघेल" हे मला पटत नाही. तुमच्या शेवटच्या फोटोत रिमच्या जवळ डीओटी अशी अक्षरं दिसतात, आणि त्या ओळीच्या टोकाला 2218 हे आकडे. म्हणजे 2018 सालातला 22वा आठवडा. टायर आठ वर्षांचे झाले.

ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यांनी रबर हळूहळू कडक होतं. ते तडकू नये म्हणून टायरच्या रबरात एक मेणासारखं द्रव्य मिसळलेलं असतं. टायर फिरताना दाबला जातो तेव्हा ते पृष्ठभागावर येत राहतं. आपली गाडी आठवड्यातून दोनदा बाजारात आणि महिन्यातून एकदा कराडला जाते, बाकी अंगणात उन्हात उभी असते. त्यामुळे कमी चालूनही टायर लवकर वाळतात.

आई, तू एक करून बघ. टायरच्या नक्षीतल्या खाचेच्या आत अंगठ्याचं नख जोरात दाब. चांगलं रबर थोडं आत जातं आणि लगेच भरून येतं. कडक झालेल्या रबरावर नख प्लॅस्टिकच्या कंगव्यावरून घसरावं तसं घसरतं. मग खाचेच्या तळाशी आणि टायरच्या बाजूवर केसासारख्या बारीक भेगा आहेत का ते उजेडात बघ. बाबांच्या दुसऱ्या फोटोत मला त्या दिसल्या. कायद्याने खाच किमान 1.6 मिलिमीटर खोल हवी आणि तुमची त्याहून पुष्कळ जास्त आहे, पण कायदा खाच मोजतो, रबर किती कडक झालं ते नाही. ओल्या रस्त्यावर पकड दोन्हींवर ठरते: खाच पाणी बाहेर काढते आणि मऊ रबर रस्त्याला धरतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावेत आणि दहा वर्षांना कसेही दिसले तरी काढून टाकावेत, असं मिशेलिन कंपनी सांगते. दहा ही शेवटची हद्द आहे. कराडला जाताना कुंभार्ली घाटाच्या उतारावर, पावसात, तुम्ही दोघं गाडीत असताना तिथपर्यंत ताणायचं नाही.

आता घ्यायचे कोणते. आपल्या स्विफ्टला 165/80 आर 14 मापच घ्या, पुढे 85 टी लिहिलेलं बघून. 165 ही मिलिमीटरमध्ये रुंदी, 80 म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या 80 टक्के, आणि 14 हा रिमचा इंची व्यास. 85 म्हणजे एका टायरला 515 किलोपर्यंत भार, टी म्हणजे ताशी 190 किलोमीटरपर्यंत वेग. यापेक्षा कमी आकडा चालणार नाही. दुकानदार "थोडा रुंद टाका, गाडी भारी दिसेल" म्हणून 175/70 सुचवेल. त्याचा एकूण व्यास 620 ऐवजी 601 मिलिमीटर भरतो, म्हणजे गाडी जवळजवळ एक सेंटिमीटर खाली बसते आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो. शिवाय आपल्या टायरची बाजू 132 मिलिमीटर उंच आहे. खड्ड्यात आदळल्यावर रिम वाचते ती त्या उंचीमुळे. अरुंद टायर साचलेलं पाणीही जास्त चांगलं कापतो.

दुकानात पहिला प्रश्न येईल, "लाँग लाइफवाला देऊ?" त्याला नाही म्हणा. सिएटचा मायलेझ, अपोलोचा अमेझर फोर-जी लाइफ असे टायर जास्त किलोमीटर चालावेत म्हणून बनवलेले आहेत. रोज टॅक्सी चालवणाऱ्याला तेच परवडतात. तुमचं वर्षाचं चालणं साडेतीन हजार किलोमीटरही नाही. लाखभर किलोमीटर टिकणारा टायर तुमच्याकडे अर्धाही झिजायच्या आत वाळून जाईल. त्यासाठी ओल्या रस्त्यावरची पकड का गमवायची? "पावसात ब्रेक चांगला लागणारा, मऊ रबराचा दाखवा" असं स्पष्ट सांगा. काही टायरवर ट्रॅक्शन असं लिहून पुढे श्रेणी दिलेली असते. ती ओल्या रस्त्यावर सरळ थांबण्याची आहे: एए सर्वात चांगली, मग ए. बी असेल तर सोडून द्या.

कंपनीवरून फार घोळ नको. एमआरएफ, सिएट, अपोलो, जेके, ब्रिजस्टोन, गुडइयर यांपैकी कोणताही चालेल, आयएसआय शिक्का हवा आणि सगळे एकाच मॉडेलचे हवेत. बाजूवर रोटेशन असा बाण असलेला मात्र घेऊ नका. तो एकाच दिशेने फिरवायचा असतो, त्यामुळे स्टेपनी अर्ध्या वेळा उलटी बसते.

आणि हो, पाच घ्यायचे. स्टेपनी कधी वापरलीच नाही म्हणून ती नवी वाटते, पण तीही 2018चीच आहे. सध्या दोनच घ्यायचे असं ठरलं आणि दुकानदार ते पुढे टाकू लागला, तर मागे टाकायला लावा. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की सावरते. मागची घसरली तर गाडी फिरते, ती सावरणं सगळ्यांना जमत नाही. पण माझं म्हणणं पाचच.

टायर चढवण्याआधी प्रत्येकाचे डीओटीच्या ओळीतले ते शेवटचे चार आकडे वाचा. सहा महिन्यांच्या आतले उत्तम, वर्षाच्या वरचे परत करा. चकाकीवर जाऊ नका, पॉलिश मारली की जुना टायरही नवा दिसतो. आकडे बहुतेक वेळा एकाच बाजूला असतात, तेव्हा ती बाजू बाहेर ठेवायला सांगा.

आपल्याकडे नवीन ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या, टायरमधूनही हवा उतरते, त्याचं मुख्य कारण रिम. कोकणातल्या दमट हवेत लोखंडी रिमच्या कडेला, टायर टेकतो तिथेच, गंजाची पापुद्र्यासारखी खपली धरते आणि तिच्याखालून हवा झिरपते. जुना टायर उतरला की बाबा, त्या कडेवरून स्वतः बोट फिरवून बघा. खरखरीत लागली तर तारेच्या ब्रशने साफ करून घ्या. रबरी व्हॉल्व्ह पाचही नवे टाकायचे, ते टायरइतकेच जुने आहेत. टायर चढवताना साबणाची पेस्ट लावू दे, ग्रीस किंवा ऑइल नको. हवा भरल्यावर रिमलगत टायरवर एक बारीक रेघ दिसते. ती सगळीकडे रिमपासून सारख्याच अंतरावर हवी. एका जागी आत गेली असेल तर टायर नीट बसलेला नाही, हवा काढून पुन्हा बसवायला सांगा.

मग बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं. मशीनवर दोन्ही बाजूंना शून्य येईपर्यंत करू दे. नंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा नीट जुळवणं, त्याची छापील पट्टी मागून घ्या. नट आधी हाताने, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे. नुसत्या गनने, म्हणजे नट आवळायच्या यंत्राने, आवळलेले नट रस्त्यात पंक्चर झाल्यावर पान्याने सुटत नाहीत. शंभर किलोमीटर झाले की पुन्हा एकदा तपासून घ्या.

हवा किती, ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर आहे, तेवढीच. सकाळी, गाडी हलवण्याआधी किंवा पंप अगदी जवळ असेल तर तिथे गेल्या गेल्या मोजायची. महिन्यातून एकदा, स्टेपनीसकट. नायट्रोजनसाठी पैसे घालवू नका, साध्या हवेत तो 78 टक्के असतोच.

नव्या टायरवर पहिले दोनशे किलोमीटर जपून चालवा, वरचा थर गुळगुळीत असतो. तोवर घाट नको.

बिल पक्कं घ्या आणि त्यावर पाचही टायरचे नंबर लिहून घ्या. पुढे बाजूला फुगा आला तर कंपनीकडे तेच दाखवावं लागतं. जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 ऐवजी 18 टक्के झाला आहे, जुन्या दराने लावलेला नाही ना, ते आई, तू बघ.

पैसे देण्याआधी त्या चार आकड्यांचे फोटो मला पाठवा. मी फोन हातातच ठेवीन.

तुमची लेक